चौदा वर्षांनंतरचा प्रश्न



जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, ही समजूत आपल्या बैठकांतूनही सर्रास ऐकू येते. ती चुकीची आहे. जन्मठेप म्हणजे उरलेल्या आयुष्याची कैद, सूट द्यायची ती सरकारने, असे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ सालीच सांगितले होते. चौदाचा आकडा किमान मर्यादा म्हणून कायद्यात आला तो १९७८ साली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मधून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याने चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढलीच पाहिजेत. चांगल्या वर्तणुकीचे जमा दिवस त्या हिशोबात धरता येत नाहीत. कैद्यांच्या सुधारणेचा आयुष्यभर कैवार घेणाऱ्या न्या. कृष्ण अय्यर यांनीही १९८० साली मारू राम खटल्यात हे कलम वैध ठरवले. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत, कलम ४७५ मध्ये, तीच मर्यादा कायम आहे.

ही मर्यादा वाढवा, अशी मागणी प्रत्येक भीषण गुन्ह्यानंतर होते. तिने काय साधेल?

बिल्किस बानो प्रकरणातील अकरा जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले, तेव्हा त्या सर्वांची चौदा वर्षे भरलेली होती. कलमाचा भंग झालाच नव्हता! बाहेर त्यांना हार घालून पेढे भरवण्यात आले. शिक्षामाफीचा जुना पुरस्कर्ता असूनही त्या दिवशी मला शरम वाटली. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, ती मुख्यतः अधिकाराच्या मुद्द्यावर: खटला मुंबईत चालला होता, तेव्हा निर्णय महाराष्ट्र सरकारने घ्यायचा होता. म्हणजे कायद्याने कैद्याचे दिवस मोजले. सरकारची कारणे मात्र कोणी तपासायची, हे मोघमच राहिले.

दुसरी बाजू अधिक मूक आहे. ज्याचा वकील नाही, ज्याच्या घरचे भेटीलाही येऊ शकत नाहीत, तो भूमिहीन कैदी चौदा वर्षांनंतरही आतच राहतो, कारण अर्ज करणारे कोणी नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शिक्षामाफीचे धोरण असेल तेथे पात्र कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता सरकारने स्वतःहून विचार केला पाहिजे आणि निर्णयाची कारणेही नोंदवली पाहिजेत.

आदेश कागदावर आहे. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात चौदा वर्षे पूर्ण केलेले किती, त्यांपैकी कितींचा विचार झाला, नकाराची कारणे काय, एवढे तीन प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली विचारायला किती कार्यकर्ते तयार आहेत? नावे आजच, सभेनंतर, माझ्याकडे द्यावीत.