छातीतली कळ म्हणजे दरवेळी पित्त नसतं

छातीत जळजळलं की आपण बाया म्हणतो, "पित्त झालंय." सोडा पितो नि कामाला लागतो. पण कधीकधी तो हृदयविकाराचा झटका असतो. म्हणून आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायू. तो साऱ्या अंगाला रक्त पोहोचवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या असतात ना, तशा बारीक रक्तवाहिन्या त्याला रक्त पुरवतात. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि आपली मिश्री हे त्याला हातभार लावतात. एक दिवस तो थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. पुढचा स्नायू साधारण अर्ध्या तासात मरायला लागतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथे व्रण राहतो. माणूस वाचलं तरी हृदय कमजोर होतं. पुढे हंडा उचलतानाही दम लागू शकतो.

छातीवर दाब, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम ही लक्षणं ओळखा. बायांमध्ये कधी नुसता दम, मळमळ किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं. पाळी गेल्यावर धोका वाढतो. मधुमेह असेल तर छाती दुखेलच असं नाही.

अशा वेळी "भाकरी टाकून जाऊ, गुरांना पाणी दाखवून जाऊ" असं म्हणू नका. तिला बसवा, चालवू नका आणि 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते. दवाखान्यात लगेच ईसीजी काढायला सांगा. पहिली पट्टी चांगली आली आणि त्रास थांबला नाही, तर पुन्हा काढायला सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू वाचतो. खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा.

पुढच्या बैठकीत हप्त्यासोबत एक काम करूया. तिशीपुढच्या प्रत्येकीने आशाताईंसोबत उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायची. बचत पैशांची करतो, तशी जिवाचीही करूया.