युद्धावर गेलेल्या आपल्या माणसांचा शोध

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या दिवशी देऊळ बांधणाऱ्यांची, घंटा देणाऱ्यांची, शाळा चालविणाऱ्यांची नावे आपण आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांतील काही घरांतून असाही एखादा पुरुष गेलेला आहे, की ज्याचे नाव कोणत्याच शिळेवर नाही. तो पलटणीत गेला, एवढेच घरी ठाऊक असते. कोणत्या पलटणीत, कोठे, केव्हा वारला, हे सांगणारे कोणी उरत नाही. अशा माणसाची नोंद कशी शोधावी, ह्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे.

प्रथम माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या आजीच्या पेटीत तांबूस रंगाचा एक बिल्ला होता. त्यास भोक पाडून तो तान्ह्या मुलांच्या गळ्यात बांधीत असत. आजोबांचे थोरले बंधू पहिल्या महायुद्धात बसऱ्यास गेले ते परतले नाहीत, त्यांचा तो बिल्ला, एवढेच आजीस माहीत होते. दरवर्षी 2 नोव्हेंबरला, भाविक मृतांच्या दिवशी, ती त्यांच्यासाठी मेणबत्ती लावी. मृत्यूची तारीख ठाऊक नसल्यामुळे त्यांची वर्षाची मिस्सा मात्र तिला कधी सांगता आली नाही.

आजी गेल्यावर एके दिवशी मी तो बिल्ला चिंच लावून घासला. एका बाजूस बादशहा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार, खाली 1914-1918 ही साले. आणि कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, नाव व मजूर पलटणीचा उल्लेख! लढणाऱ्या शिपायास हे पदक चांदीचे मिळे. मजूर पलटणीतल्या माणसास काशाचे. आमचे आजोबा बंदूक घेऊन गेलेच नव्हते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जहाजे रिकामी करण्यास, बंधारे व लोहमार्ग घालण्यास जे हजारो हिंदी मजूर नेले, त्यांपैकी ते एक होते.

बंधुभगिनींनो, शोधाची पहिली पायरी ही आपली पेटी होय. पदक, डिस्चार्जचे पुस्तक, पेन्शनचा कागद, मनिऑर्डरीची पावती, गणवेशातील छायाचित्र, ह्यांपैकी काहीही टाकू नका. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांस दिलेल्या पदकांवरही नाव व क्रमांक कोरलेले असतात. मात्र माझी चूक करू नका. घासल्याने अक्षरे झिजतात. भिंगाने वाचा व छायाचित्र घ्या. सैन्याच्या दप्तरात एकाच नावाची अनेक माणसे असतात. क्रमांक व पलटण सापडली म्हणजे अर्धा शोध झाला.

दुसरी पायरी, युद्धात मृत्यू पावलेल्यांसाठी. 1917 साली स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे दोन्ही महायुद्धांतील सुमारे 17 लाख मृतांची नोंद आहे. ती संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येते. तेथे आम्हांस आजोबांच्या मृत्यूची तारीख, पित्याचे नाव, गाव आणि 'मुरबाड, ठाणा' अशी अक्षरे मिळाली. त्यांचे स्मरण बसरा येथील स्मारकात धरले आहे. त्या स्मारकात 40,000 हून अधिक मृतांचे स्मरण आहे. परंतु तेथे ब्रिटिश सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि साध्या हिंदी माणसांची पलटणीखाली केवळ संख्या लिहिली. ह्या भेदभावाबद्दल आयोगाने एप्रिल 2021 मध्ये क्षमा मागितली. नावे नोंदवहीत होती. भिंतीवर मात्र चढली नाहीत.

शोधताना नावांची अनेक रूपे करून पाहावी. कारकुनाने जसे ऐकले तसे इंग्रजीत लिहिले. जिल्हेही बदलले आहेत. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले व त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा तेव्हाचा कुलाबा जिल्हा 1981 पासून रायगड झाला. तसेच मोखाडा हा पूर्वी शहापूर तालुक्याचा पेटा होता. 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

तिसरी पायरी, जे परत आले किंवा स्वातंत्र्यानंतर भरती झाले त्यांच्यासाठी. साध्या हिंदी शिपायांची सेवापत्रके लंडनला असतात, असा समज आहे, तो चुकीचा होय. तेथे मुख्यतः अधिकाऱ्यांचे कागद व पलटणींच्या रोजनिश्या आहेत. शिपायाचा कागद त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयात असतो: मराठा पलटणीचा बेळगावास, महार पलटणीचा मध्यप्रदेशात सागर येथे, तोफखान्याचा नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा खडकीस. अर्जात क्रमांक, नाव, गाव, भरतीचे वर्ष आणि आपले नाते लिहून पुरावा जोडावा. उत्तर न आल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपये शुल्क भरून विचारता येते. ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही विसरू नये. दुसऱ्या महायुद्धातील पेन्शन नसलेल्या सैनिकांस व त्यांच्या विधवांस शासनाचे साहाय्य अशाच कार्यालयांमार्फत मिळत आले, म्हणून जुने अर्ज तेथे असू शकतात.

येथे एक गोष्ट मन घट्ट करून ऐकावी. सैन्याच्या नियमावलीतील 595 व्या नियमाप्रमाणे पेन्शन नसलेल्या सैनिकाचे सेवाकागद 25 वर्षांनी नष्ट करतात. 'कागद नष्ट झाले' असे उत्तर पुष्कळांस आले आहे, व ते तेथेच थांबले आहेत. परंतु 'लाँग रोल' नावाची मूळ यादी राखून ठेवतात. यास्तव अर्जात लाँग रोलमधील नोंद स्पष्ट शब्दांत मागावी. ती ओळ लहान असते, पण नसल्यापेक्षा पुष्कळ असते.

चौथी पायरी आपल्या देवळातच आहे. आयोगाच्या नोंदीतील माणूस आमचाच कशावरून, हा प्रश्न उरलाच होता. आजोबांचे बंधू गेले तेव्हा आमचे घर ख्रिस्ती झालेले नव्हते. माझ्या आजोबांचा स्नानसंस्कार पुढे प्रौढपणी झाला, आणि दप्तरात फादरांनी त्यांच्या पित्याचे जुने नाव व मूळ गाव काळजीपूर्वक लिहून ठेवले होते. आयोगाच्या नोंदीतही तेच नाव व तेच गाव! त्या धर्मगुरूंस ठाऊकही नव्हते, की आपण एका हरवलेल्या भावाची साक्ष लिहीत आहोत.

त्यांचा चेहरा आम्हांस मिळाला नाही, थडगेही नाही. परंतु तारीख मिळाली. आणि गेल्या वर्षी त्या दिवशी त्यांच्यासाठी मिस्सा झाली व फादरांनी वेदीजवळून त्यांचे नाव घेतले. ते ऐकण्यास आजी नव्हती, ही खंत राहिली. म्हणूनच आपणांस सांगतो, उशीर करू नका. घरी गेल्यावर पेटी उघडा. आत्याबाईंस, मावशीस, गावच्या वृद्धांस विचारा व लगेच वहीत उतरवा. मिळालेली नावे ह्या धर्मग्रामाच्या दप्तरी द्या, म्हणजे येत्या नोव्हेंबरात ती एकत्र वाचता येतील.

प्रभू त्या सर्वांस चिरशांती देवो.