परदेशातील नातलग आणि शासकीय सेवेपूर्वीची पडताळणी

चांदूर रेल्वेहून नागपूरकडे निघालेली गाडी धामणगाव मागे टाकून वर्धा नदी ओलांडते आणि पुलगाव येते. तेथील मध्यवर्ती दारूगोळा भांडार देशातील मोठ्या भांडारांपैकी एक आहे. भद्रावती, अंबाझरी व भंडारा येथील आयुध निर्माणीही विदर्भातच आहेत. अशा ठिकाणी किंवा केंद्र शासनाच्या अन्य सेवेत तालुक्यातील एखाद्या तरुणाची निवड झाली म्हणजे घरी पेढे वाटले जातात. पुढे साक्षांकन नमुना हाती पडतो आणि घर चिंतेत पडते. बहीण लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक झालेली, काका आखातात नोकरीला. हे लिहावे की गाळावे?

केंद्र शासनाच्या नित्याच्या नमुन्यात माता, पिता, पती वा पत्नी, भाऊ आणि बहीण यांचे राष्ट्रीयत्व, जन्मस्थान, व्यवसाय व पत्ता विचारलेला असतो. उमेदवाराची मुले परदेशात शिकत वा राहात असतील, तर त्यांच्यासाठी निराळा रकाना आहे. काकांचा उल्लेख त्या रकान्यांत नसतो; गावात मात्र चर्चा काकांचीच अधिक होते! संवेदनशील पदांसाठीची प्रश्नावली अर्थातच याहून तपशीलवार असते.

हे विचारण्यामागे नातलगांविषयी संशय असतो असे नव्हे. परकीय सत्तेच्या अंमलाखाली राहणाऱ्या आप्तामार्फत कर्मचाऱ्यावर दडपण आणता येईल काय, एवढेच पाहावयाचे असते. अमेरिकेत २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांत ‘परकीय प्रभाव’ हा एक स्वतंत्र निकष आहे. तेथेही नात्याची जवळीक, संबंधित देश आणि संपर्काचे स्वरूप यांचा एकत्रित विचार होतो. क्वचित होणारा, औपचारिक संपर्क सहसा आड येत नाही.

खरा धोका माहिती दडविण्यात आहे. खोटी माहिती देणे वा सत्य दडविणे ही अपात्रता ठरेल, अशी ताकीद नमुन्याच्या आरंभीच छापलेली असते. अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याविषयी सूत्रे घालून दिली. ते प्रकरण फौजदारी खटल्यांच्या माहितीचे होते. तथापि दिलेली माहिती खरी असली पाहिजे, आणि दोष ठेवण्यापूर्वी ती बाब उमेदवारास ठाऊक होती हे दिसले पाहिजे, ही त्यातील सूत्रे येथेही मार्गदर्शक ठरावीत. बहिणीचा परदेशातील पत्ता लिहिल्याने फार तर चौकशी लांबेल. तो गाळल्याचे उघडकीस आले, तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

या कामी गावातील जबाबदार मंडळींचा संबंध दोनदा येतो. नमुन्यात परिसरातील दोन जबाबदार व्यक्तींची नावे द्यावी लागतात. ओळखीचा दाखला तहसीलदार, गटविकास अधिकारी, मुख्याध्यापक किंवा पोस्टमास्तर देऊ शकतात. सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी मुलाला समोर बसवून नातलगांचे रकाने एकदा वाचून घ्यावेत. ‘लिहू नकोस, कोण पाहतो’ हा शेजारधर्माचा सल्ला येथे घातक ठरतो. पोलीस चौकशीस आले असता सरपंचांनी वा सदस्यांनी स्वतःस ठाऊक असलेले तेवढेच सांगावे. जावई कोणत्या देशाचा नागरिक झाला, हे ऐकीव माहितीवर सांगू नये. परदेशात नोकरी करणे आणि तेथील नागरिकत्व घेणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि चौकशीच्या अहवालात तो भेद महत्त्वाचा ठरू शकतो.

नियुक्तीनंतरही हा विषय संपत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील २१ व्या नियमानुसार, परदेशी नागरिकाशी विवाह करणाऱ्या कर्मचाऱ्याने ती बाब तत्काळ शासनास कळविणे बंधनकारक आहे.