कुंपण कोणी राखायचे?



आज आपण विलेपार्ल्यात बसलो आहोत. १९३० साली इथे मिठाच्या सत्याग्रहाची छावणी होती. तिच्या पुढाऱ्यांत आपल्या कापसाच्या वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. मीठ करायलाही सरकारची परवानगी लागावी, हे त्या लोकांना मान्य नव्हते.

पुढे राज्य आपले आले. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. सरकारच्या हाताला कुंपण पडले. त्याच दिवशी राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. मंत्री घटनेशी निष्ठेची शपथ घेतो. राष्ट्रपती घटनेच्या रक्षणाची घेतो. म्हणजे तो कुंपणाचा राखणदार.

दीड वर्षाच्या आत, जून १९५१ मध्ये, त्याच राखणदाराच्या सहीने पहिली घटनादुरुस्ती झाली. नववे परिशिष्ट आले. मूलभूत हक्क तुडवणारा कायदाही त्यात घातला की कोर्टाचे दार बंद. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीवर सही करणे राष्ट्रपतींना बंधनकारकच झाले. राखणदाराचे हात बांधले. १९७६ साली, आणीबाणीत, आवश्यक वस्तू कायदा त्या परिशिष्टात गेला. तेव्हा त्याच्या कक्षेत ज्वारीही होती, कापूसही होता.

११ जानेवारी २००७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला: २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेला कायदा घटनेच्या मूळ चौकटीवर तपासता येईल. दार किलकिले झाले. पण ते ठोठावणार कोण?

भावांनो, शपथ दिल्लीत होते, जागल शेतावर करावी लागते. गावी जा, परिशिष्टातल्या कायद्यांची यादी मिळवा, चावडीवर मोठ्याने वाचा. ज्याचे शेत, त्यानेच कुंपण राखायचे.