रात्रीच्या विमानाचा हिशेब

स्वतंत्र भारतात रात्री नेमाने विमाने उडू लागली ती मुळात टपालासाठी. जानेवारी १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून एकेक विमान रात्री निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. त्यांतून प्रवासीही जात. ऐन मध्यरात्री नागपुरास उतरून त्यांना विमान बदलावे लागे. थैलीला झोप नसते, माणसाला असते, एवढाच काय तो फरक! ती सेवा केव्हाच बंद झाली. पण रात्रीचे विमान अजूनही थैलीच्याच सोयीने धावते, असे मला वाटते.

आमच्या गोव्यातील कितीतरी घरांचा कर्ता पुरुष आखाती देशांत नोकरीस असतो. तो रजेवर येतो तो बहुधा रात्रीच्या विमानाने. विमान जमिनीवर उभे राहिले की ते कमावीत नाही. म्हणून त्यास रात्रीही धाववितात. दाबोळीचा विमानतळ तर नौदलाच्या तळावर. तेथे नौदलाच्या सरावासाठी सकाळचे काही तास नागरी विमानांना वर्षानुवर्षे बंद असत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तरी रात्री येणे काही सुटले नाही. प्रवाशालाही वाटते, रजेचा एक दिवस वाचला.

हा वाचलेला दिवस जरा मोजून पाहू. दुबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान सुमारे तीन तासांनी गोव्यास पोचते. म्हणजे तेथले ४, पण येथले साडेपाच. दीड तासाची रात्र घड्याळानेच खाल्ली; कुवेतहून येणाऱ्याची तर अडीच तासांची. उरलेल्या तीन तासांतून चढण, जेवणाचे तबक, घोषणा आणि उतरण वजा करा. हाती तास-दीड तास लागतो. तोही बसल्या जागी, कोरड्या हवेत. विमानातील हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरील हवेइतका विरळ असू शकतो. म्हणजे महाबळेश्वराहूनही हजारभर मीटर उंच जागी आपण डुलकी काढीत असतो. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी दिवे मंद करतात, ते आपणांस निजविण्यासाठी अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक, संकटकाळी अंधारात बाहेर पडावे लागल्यास डोळे अंधाराला सरावलेले असावेत, हा त्यातला हेतू.

तेव्हा झोप घ्यायची ती आधी. निघण्याच्या दिवशी दुपारी तासभर तरी निजावे. जेवण विमानतळावरच उरकावे आणि तबक नम्रपणे नाकारावे. खिडकीजवळची जागा घ्यावी, म्हणजे शेजारी उठवीत नाही. पट्टा पांघरुणावरून बांधावा, म्हणजे विमानसेविकाही उठवीत नाही. मद्याने डोळा लागतो खरा, पण ती झोप तुटक असते. विमान उतरू लागले की मात्र जागे व्हावे व आवंढा गिळीत राहावे; निजलेल्याचे कान फार दुखतात.

इतके करूनही जो उतरतो तो अर्धवट जागाच असतो. आणि त्यास न्यायला आलेले? ते रात्री तीनला उठलेले, किंवा निजलेलेच नाहीत. कोणाचा बाप आदल्या रात्री आला, हे वर्गातल्या पेंगणाऱ्या डोळ्यांवरून मला कळते. त्या दिवशी मी त्या मुलास प्रश्न विचारीत नाही.

खरा धोका येथे आहे. पहाटे २ ते ६ हा काळ विमानव्यवहारात थकव्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण धरतात. म्हणून वैमानिकाने किती तास काम करावे, रात्री किती वेळा विमान उतरवावे, किती विश्रांती घ्यावी, ह्याचे नियम आहेत. आपण ज्या गाडीत बसून मोपाहून मडगावाकडे दीड-दोन तास जातो, ती हाकणाऱ्या भावाला मात्र एकही नियम नाही. तीन तास जागरूक हातांत काढून आपण उरलेला रस्ता पेंगणाऱ्या हातांत देतो, आणि ह्यालाच घरी पोचलो म्हणतो! विमानतळावरून रात्रपाळीची, निजून आलेल्या चालकाची भाड्याची गाडी घ्यावी. भावाने घरीच थांबून दार उघडावे. त्यात प्रेम कमी होत नाही.

पहिल्या सकाळी जमिनीच्या कागदावर सहीसुद्धा करू नये. नातेवाईक नेमके त्याच दिवशी नऊ वाजता वकिलाकडे वेळ ठरवून ठेवतात, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. तासभर निजावे, मग उन्हात हिंडावे आणि रात्री नेहमीच्या वेळी झोपावे.

आईच्या दफनासाठी येणाऱ्यास ह्यातले काही सांगता येत नाही. त्याने मिळेल ते विमान धरावे, आणि झोप आली नाही तर न येवो. फक्त विमानतळाबाहेर गाडीची किल्ली कोणी त्याच्या हाती देऊ नये, आणि रात्रभर मयताशेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्याही नव्हे. गावातला कोणी शेजारी त्या रात्री मुद्दाम निजलेला असावा.