आठ तास कोण बसणार?

(वर्धा येथे व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव मोठं भारदस्त छापलंय, 'अभियंत्याचे सर्वांगीण शिक्षण'. मी मात्र एका जुन्या बक्षिसापासून सुरुवात करतो. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. सोनं वीस-बावीस रुपये तोळा होतं, तेव्हाचे एक लाख! आता अटी ऐका. चरखा हलका हवा, खेड्यातल्या झोपडीत मावणारा, हाताने किंवा पायाने सहज चालणारा. किंमत १५० रुपयांच्या आत. देखभाल केली तर २० वर्षं टिकला पाहिजे आणि सुट्या भागांवर वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त खर्च येता कामा नये. आणि एका बाईला त्यावर सलग आठ तास, फार न दमता, कातता आलं पाहिजे.

मी आयुष्यभर अभियांत्रिकी शिकवली. या अटी वाचल्या आणि चपापलो. यातली तंत्राची अट कोणती आणि माणुसकीची कोणती, काढून दाखवा बरं वेगळी! पाच टक्क्यांची अट घ्या. तिच्यात धातूची झीज आहे, बेअरिंग आहे आणि महिन्याच्या शेवटी रिकामा होणारा डबाही आहे. आठ तासांची अट म्हणजे तर पाठ, खांदा, मनगट आणि चूल-पाणी उरकून बसलेली बाई. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही या चरख्यासाठी खटपट झाली. बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. प्रश्न इतका अवघड होता.

आता माझीच एक फजिती सांगतो. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी निंदणाचं चाकाचं यंत्र केलं. कॉलेजच्या मैदानावर ते सुरेख चाललं. आराखडे चोख, वेल्डिंग नेटकं. मी भरभरून गुण दिले. मग पावसाची उघडीप बघून ते एका पऱ्हाटीच्या शेतात नेलं. दहा पावलांत काळ्या मातीने चाक असं माखलं की चाक कुठलं आणि ढेकूळ कुठलं कळेना. निंदायला आलेल्या एका बाईंनी दांडा धरून पाहिला. तो त्यांच्या छातीशी येत होता. त्या म्हणाल्या, "हा दांडा कोनाच्या मापाचा केला जी?" माप घेतलं होतं आमच्या सर्वांत उंच मुलाच्या कमरेचं! मुलं माना खाली घालून उभी होती. खरं तर मान माझी खाली जायला हवी होती, कारण 'माप कोणाचं?' हा प्रश्न मी वर्षभरात एकदाही विचारला नव्हता.

आपल्या वर्ध्यात तरी असं व्हायला नको होतं. १९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ आला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे काम करू लागले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली: हाताचं काम हेच शिक्षणाचं माध्यम. सेवाग्रामला गांधीजींच्या वर्तुळात मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश विद्युत अभियंता आले. बंगळूरला म्हैसूर सरकारचा विजेच्या सामानाचा कारखाना चालवलेला माणूस. त्यांनी इथे काय दिलं? धनुष तकली. सुतार दोरी गुंडाळलेल्या धनुकलीने भोक पाडायचे, त्याच युक्तीने तकली फिरवायची. बांबू, दोरी, एक चाती. मोडली तर घरीच दुरुस्त. हेच फ्रिडमन औंध संस्थानच्या स्वराज्य घटनेच्या कामात होते आणि मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं त्यांनीच इंग्रजीत नेली. मोठ्या कारखान्याचा हिशेब येणाऱ्या माणसाला झोपडीचाही हिशेब आला, कारण तो ऐकून घ्यायला शिकला होता.

दुसरं उदाहरण १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी इथे सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राचं. लाकूड महागलं, लोखंड परवडेना, तेव्हा तिथे निमुळत्या कौलांचं छप्पर पुढे आणलं गेलं. पेल्याच्या आकाराची भाजलेली कौलं एकात एक बसवून कमान उभी करायची. कमानीचं गणित अभियंत्याचं, चाक कुंभाराचं. घराला छप्पर मिळतं आणि कुंभाराच्या हाताला कामही.

तुम्ही म्हणाल, सर, आता पोरं पुण्या-बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये जातात, त्यांना चरखा कशाला? मग रेशन दुकानात चला. यंत्रावर अंगठा लावायचा आहे. जन्मभर निंदण-वेचणी करून जिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा यंत्र ओळखत नाही. मागे रांग खोळंबते आणि बाई ओशाळी होते, जणू चूक तिचीच. प्रोग्राममध्ये चूक नसेलही. पण तो लिहिताना तो हात कोणाच्या डोळ्यांसमोर होता का?

आपल्याकडे कागदावर हे सगळं आहे. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या मान्यतेसाठीच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. पदवीच्या मानांकनासाठी गुणविशेष ठरले. त्यांत नीतिमत्ता आहे, संवाद आहे, संघकार्य आहे, समाजाचं भान आहे. आम्ही काय केलं? आठवड्याला एक 'सॉफ्ट स्किल'चा तास लावला. मुलाखतीत हात कसा मिळवावा, टाय कसा बांधावा. आमटी झाल्यावर वरून मीठ भुरभुरावं तसं. ते शिकवू नका असं मी म्हणत नाही. पण माणूस समजणं हा वेगळा तास असूच शकत नाही. तो यंत्ररचनेच्याच तासात, मापाच्याच रकान्यात यायला हवा.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर, आकृतीच्या आधी, चार ओळी लिहाव्यात: हे कोण वापरणार, किती तास, मोडलं तर दुरुस्त कोण करणार आणि याने कोणाचं काम जाणार. उत्तरं ग्रंथालयात मिळणार नाहीत. बांधावर जावं लागेल, तिथली बोली समजून घ्यावी लागेल, थोडं गप्प बसावं लागेल.

त्या यंत्राचा दांडा मुलांनी नंतर खालीवर करता येईल असा केला आणि पुन्हा शेतात नेला. बाईंनी एक तास चालवला. म्हणाल्या, "आता माप बराबर हाय. पन गाऱ्यात अजून फसते." नेमकं, खरं परीक्षण. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी गुणपत्रक उघडलं. त्यात अंतर्गत परीक्षकाची सही होती, बहिस्थ परीक्षकाची सही होती. बाईंच्या अंगठ्याला जागा नव्हती.