पाटीवर चेंडूच लिहिलंय!

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला 'आठवणी' या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. मी फुटबॉलच्या आठवणी सांगणार आहे. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

तरुणपणी आम्ही चार मित्र डहाणू रोडहून गाडी पकडून मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला जायचो. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग अशी कलकत्त्याची मंडळी डोळ्यांनी बघितली. परतीची गाडी चुकली की रात्र स्टेशनच्या बाकावर!

पुढे तलासरीला शिक्षक झालो. एसटीने ये-जा. भातकापणी झाली की पोरं मोकळ्या खाचरात अनवाणी फुटबॉल खेळायची. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी खेळले आणि फक्त २-१ने हरले, हे सांगितलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं.

२९ जून १९८६. विश्वचषकाचा अंतिम सामना, आपल्याकडे रात्री साडेअकराला. सगळ्या आळीत एकच टीव्ही. एक जण पावसात गच्चीवर अँटेना धरून उभा. तेव्हा मोठ्या खेळाडूमागे एक माणूस सावलीसारखा लावायची पद्धत होती. पश्चिम जर्मनीने मॅराडोनामागे मॅथॉयस लावला. दोन गोल मागे पडलेल्या जर्मनीने बरोबरी केली, तोच मॅराडोनाने एक पास दिला, बुरुचागा धावत सुटला आणि ३-२! गच्चीवरच्याला गोल दिसला नाही, आमच्या आरडाओरड्यावरून कळला.

आता खेळ पार बदलला. १९९२ साली नियम आला, की आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हाताने धरायचा नाही. झालं, गोलकीपरलाही पायाने खेळायला शिकावं लागलं. २०१०ला स्पेनने छोट्या छोट्या पासांवर विश्वचषक नेला. माझ्यासारख्या जुन्या माणसाला ते आधी कंटाळवाणं वाटलं. मग लक्षात आलं, की लहान जागेत खेळायचं तर असंच खेळावं लागतं. आपल्या आवारात खेळणारी मुलं तेच तर करत होती!

"होती" म्हणालो, ती ही कबुली. मी सेक्रेटरी असताना एका गाडीची काच फुटली. सभेत भांडण झालं. दुसऱ्याच दिवशी मी पाटी रंगवून घेतली : 'आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.' खाचरात पोरांना शाबासकी देणारा मास्तर तो मीच!

१८ डिसेंबर २०२२ला आपण आवारात पडदा लावून अर्जेंटिना-फ्रान्स सामना बघितला. ३-३, मग पेनल्टीवर अर्जेंटिना. सगळे घरी निघाले तर मुलं पाण्याच्या रिकाम्या बाटलीने खेळत होती, नेमकी त्या पाटीखाली. मी जवळ गेलो. एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, बाटली चालते ना? पाटीवर चेंडूच लिहिलंय."

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात गाड्या एका बाजूला, तळमजल्याच्या खिडक्यांना जाळी आणि चेंडू हलका. आजारी माणसं, परीक्षेचे दिवस, हे सांभाळूनच. जाळीचा खर्च मी देतो. तरीही फुटल्या, तर पहिल्या पाच काचा माझ्या.

पाटी मी लावली होती. ती माझ्याच हाताने काढू द्या, एवढीच विनंती.